विहिरीतली मान आणि कपाळावरची नळी : सेंटर स्नॉर्कल लावून पोहणं कसं सुधारायचं

मी पोहायला शिकलो मामाच्या विहिरीत, मोहोळ तालुक्यात. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा, डब्याला दोर आणि दोराचं दुसरं टोक मामाच्या हातात. आठ दिवसांत डबा सुटला, पंधराव्या दिवशी काठावरून मुटका मारायला लागलो. विहिरीत शिकलेला माणूस लगेच ओळखू येतो, कारण त्याचं डोकं पाण्याबाहेर असतं. ते असावंच लागतं. वरून कोण उडी टाकतंय, पायरी कुठल्या बाजूला आहे, कपारीत दिवड बसलीय का, हे सगळं बघत पोहायचं असतं. जीव वाचवायला याच्यासारखं पोहणं नाही. पण तलावावर जाऊन एका दमात वीस-तीस लॅप मारायचे म्हटलं, की हीच मान नडते.

कारण साधं आहे. छातीत हवा भरलेली असते, त्यामुळे पाण्यात शरीराचा टेकू छातीपाशी येतो. डोकं वर उचललं की दुसरं टोक, म्हणजे कंबर आणि पाय, खाली जातं. मग पुढं सरकायला लागणारी ताकद स्वतःचेच पाय ओढण्यात जाते. सोलापुरातल्या कुठल्याही तलावावर सकाळी सहाच्या बॅचला काठावर उभं राहून बघा. निम्मी मंडळी चढावर सायकल मारल्यासारखी पोहत असतात. मीही त्यातलाच होतो. आमचे सर रोज ओरडायचे, "काका, मान खाली!" आणि माझी मान खालीच आहे अशी माझी पक्की समजूत होती.

ही समजूत मोडली ती सेंटर स्नॉर्कलनं. तोंडातून निघून नाकासमोरून, दोन डोळ्यांच्या मधून कपाळावर आणि तिथून सरळ वर जाणारी ही नळी आहे. पहिल्या दिवशी मी ती लावून उतरलो, तेव्हा बॅचमधला एक पोरगा म्हणाला, "काय ओ काका, समुद्रात निघालाव का?" सोलापुरात समुद्र म्हणजे लांबची गोष्ट. त्यामुळे हसू झालं ते झालंच. पण तीन महिन्यांत त्यातल्या चौघांनी तीच नळी मागवली. त्यांना तोंडी सांगितलेलं सगळं इथं नीट लिहून काढतोय.

नळी नेमकं काय करते

फ्रीस्टाइलमध्ये एका श्वासासाठी किती कामं एकाच वेळी होतात बघा. डोकं वळवायचं, खांदा त्याच्याबरोबर फिरवायचा, पुढचा हात पाण्यात लांब ठेवायचा, आधीची हवा पाण्यातच सोडून दिलेली असायची आणि एवढ्याशा वेळात नवी हवा आत घ्यायची. यातलं एक चुकलं की सगळं बिघडतं. आणि शरीराचा हिशोब सरळ असतो, जीव आधी, स्टाइल नंतर. हवेसाठी मान वर येते, पुढचा हात खाली दाबला जातो, पाय कात्रीसारखे फाकतात. सर हाताबद्दल सांगत असतात आणि आपलं सगळं लक्ष पुढच्या श्वासाकडं असतं.

स्नॉर्कल श्वासाचं हे काम काढून घेते. तोंड पाण्यात, नजर तळाकडं आणि हवा चालू. आता हात काय करतो ते दिसतं. मला दिसलं ते असं: माझा डावा हात पाण्यात शिरताना शरीराची मधली रेघ ओलांडून उजवीकडं जात होता. पंधरा वर्षं जात असणार, पण मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं, कारण त्या वेळी मी उजवीकडं तोंड करून हवा गिळत असायचो.

म्हणूनच ही नळी दम वाढवायचं यंत्र आहे, असं समजून घेऊ नका. दमासाठी ती हवी असेल तर पैसे वाचवा. ती आरशासारखी वापरायची असते. आरसा चोवीस तास डोक्याला बांधून कोणी फिरत नाही. ते कसं, पुढं येईलच.

घेताना

स्नॉर्कल म्हटलं की दुकानदार बहुतेक वेळा बाजूची नळी काढून देतो, अंदमानला किंवा मालवण-तारकर्लीला मासे बघायला वापरतात ती. ती कानाजवळून वर जाते. लॅप मारताना शरीर दोन्ही बाजूंना फिरतं, त्यामुळे ती हलत राहते आणि एका बाजूचा हात तिला अडखळतो. सगळा चेहरा झाकणारा मास्क तर लॅपसाठी आणूच नका. मागताना 'सेंटर स्नॉर्कल' किंवा 'फ्रंट स्नॉर्कल' असंच सांगा. फिनिस, अरेना, स्पीडो अशा कंपन्यांच्या मिळतात. सोलापुरात दुकानात दिसली नाही तर ऑनलाइन मागवायची किंवा पुण्याला कोणी जात असेल त्याला सांगायचं.

चार गोष्टी बघा. तोंडात धरायचा भाग मऊ सिलिकॉनचा हवा, कडक रबराचा असेल तर दहा मिनिटांत जबडा भरून येतो. कपाळावरची पट्टी रुंद आणि आतून गादी लावलेली असावी. डोक्यामागचा पट्टा सहज कमी-जास्त करता यावा. आणि नळी फार बारीक नको. बारीक नळी पाण्याला कमी अडते हे खरं, पण तिच्यातून हवा ओढायला जोर लागतो आणि नवशिक्याला तोच जोर जड जातो. काही नळ्यांना खाली एक छोटा पडदा असतो, फुंकर मारली की आतलं पाणी तिथून बाहेर पडतं. पहिल्यांदा घेत असाल तर तसली घ्या. बरोबर नाकाची क्लिपही घ्या. पहिल्या आठवड्यात तिची किंमत कळेल.

दमा, हृदयाचा त्रास किंवा चक्कर येण्याची सवय असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि एक सोलापुरी सूचना. मावा-गुटख्यानं ज्यांचं तोंड पूर्ण उघडत नाही, त्यांना नळीचं तोंड दातात धरणं अवघड जातं. आमच्या बॅचमध्ये एकाला तिथंच कळलं की आपलं तोंड किती आखडलंय. नळी त्यानं परत केली आणि दातांच्या डॉक्टरांकडं गेला. तोंड तपासण्यासाठी स्नॉर्कलची वाट बघायला नको.

आधी घरी

पाण्यात उतरण्याआधी हे काम घरीच करा. टोपी घाला, गॉगल लावा आणि त्याच्यावरून स्नॉर्कल. कपाळाची पट्टी भुवयांच्या थोडी वर, बरोबर मध्ये. मागचा पट्टा डोक्याच्या फुगीर भागावर हवा, मानेपाशी असेल तर निसटतो. आरशात बघा, नळी नाकाच्या रेषेत सरळ उभी आहे का. तिरकी असेल तर पाण्यात तुम्ही तिला सरळ करायला नकळत मान वाकडी कराल.

आता तोंड. नळीच्या तोंडाला दोन छोटे खुंट असतात, ते दातांनी हलके धरायचे आणि ओठ भोवती मिटायचे. पाणी ओठांनी अडवायचं, दातांनी नाही. बहुतेक जण ऊस सोलल्यासारखे चावतात आणि मग गाल दुखतात.

असंच पाच मिनिटं खुर्चीत बसा. तोंडानं श्वास घ्या, तोंडानं आणि नाकानं दोन्हीकडून सोडा. घरचे हसतील. हसू द्या.

मग घमेलं किंवा मोठी बादली. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे एक बादली पाणी सरावाला वापरायचं म्हणजे घरात प्रश्न निघतो. ते पाणी नंतर झाडांना घालायचं ठरवलं की मिटतं. बादलीत चेहरा बुडवा, नळी वर ठेवा आणि दहा श्वास घ्या. इथंच पहिली अडचण येईल, नाकात पाणी जाईल. आयुष्यभर तोंड आणि नाक एकत्र श्वास घेत आलेत. तोंडानं ओढताना नाकही थोडं ओढतं आणि पाणी आत येतं. उपाय असा: श्वास सोडताना ओठ मिटून 'म्म्म' म्हटल्यासारखी नाकातूनही थोडी हवा सोडत राहायची आणि घेताना नाकाकडं लक्षच द्यायचं नाही. दोन-तीन दिवसांत जमतं. नाहीच जमलं तर क्लिप लावा, त्यात कमीपणा नाही. फक्त ती कायमची होऊ देऊ नका, कारण स्नॉर्कल नसताना नाकातून हवा सोडणं लागतंच.

तलावात पहिला दिवस

उथळ बाजूला, छातीएवढ्या पाण्यात, काठ धरून उभे राहा. चेहरा पाण्यात. दहा श्वास. वर या. पुन्हा दहा. यात काय शिकायचं असं वाटेल. श्वास सोडायला शिकायचं असतं.

इथं जरा हिशोब करू. साधारण ४५ सेंटिमीटर लांब आणि आतून २ सेंटिमीटर रुंद नळीत सुमारे १४० मिली हवा मावते. आपल्या श्वासमार्गातही जवळपास १५० मिली हवा अशी असते, जी फुप्फुसात कामाला येत नाही, नुसती ये-जा करते. म्हणजे नळी लावली की ही वापरलेली हवा जवळपास दुप्पट झाली. आरामात बसलेला माणूस एका श्वासात अर्धा लिटरच्या आसपास हवा घेतो. छोटे-छोटे घाईचे श्वास घेतले, तर प्रत्येक श्वासात मोठा वाटा आधीच्याच शिळ्या हवेचा. कार्बन डायऑक्साइड साठतो, जीव घाबरा होतो, मग माणूस आणखी घाईनं श्वास घेतो. नळीतून हवा पुरत नाही म्हणणाऱ्या दहातल्या आठ जणांचं दुखणं हेच असतं. हवा घेण्याची चिंता सोडा, ती आपोआप येते. पूर्ण, सावकाश, शेवटपर्यंत सोडा. मनात आकडे मोजा: दोन आकड्यांत घेणं, तीन-चार आकड्यांत सोडणं.

दुसरी गोष्ट, नळी मोकळी करणं. मुद्दाम डोकं पूर्ण बुडवा, नळी भरू द्या, वर या (चेहरा पाण्यातच ठेवून) आणि एकदम जोरात 'फू' करा, चुलीला फुंकणीनं मारतो तशी. त्यासाठी छातीत थोडी हवा राखलेली पाहिजे, सगळी आधीच सोडली तर फुंकायला काही उरत नाही. फुंकल्यावरचा पहिला श्वास मात्र हळू घ्यायचा, गरम चहाचा पहिला घोट घेतो तसा. आत चार थेंब राहिलेले असतात. हळू घेतलं तर ते जिभेवर थांबतात, झटक्यात घेतलं तर थेट घशात. हे दहा वेळा करा, काठ धरूनच. ठसका लागला तर शांतपणे उभं राहून नळी काढायची. पाय टेकतील अशा ठिकाणी शिकायचं ते त्यासाठीच.

पहिल्या दिवशी एवढंच. वाटलं तर शेवटी उथळ बाजूनं आडवे दोन फेरे.

गर्दीबद्दल आताच सांगतो. नळी लावल्यावर माणूस मान वर करत नाही, म्हणजे समोरचं बघत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच तलावांत लेनचे दोर कायम लावलेले नसतात, त्यात उन्हाळी सुट्टीत पोरं चारही बाजूंनी उड्या टाकतात. एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की सगळं शहर पाण्यात. त्या दिवसांत सकाळची पहिली बॅच गाठा, भिंतीलगतची बाजू धरा आणि जीवरक्षकाला आधी सांगून ठेवा की मी नळी लावून पोहणार आहे. तळाला काळी रेघ असेल तर ती भिंतीच्या २ मीटर आधी आडव्या दांडीनं संपते. ती दिसली की हात पुढं ठेवा. रेघ नसेल तर तळाच्या फरशीचा एखादा डाग किंवा जाळी लक्षात ठेवा. मी पहिल्या आठवड्यात भिंत डोक्यानं शोधली होती. विहिरीत आणि शेततळ्यात मात्र हे प्रयोग करायचे नाहीत. तळ दिसत नाही तिथं या नळीचा अर्धा उपयोग तसाही संपतो.

क्रम

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून खरा सराव. क्रम महत्त्वाचा आहे: आधी डोकं, मग कंबर, मग हात. लोक थेट हातांवर जातात, कारण हात दिसतात.

पहिला सराव नुसत्या किकचा, बोर्डाशिवाय (बोर्ड म्हणजे हातात धरायची तरंगती फोमची पाटी). हात पुढं ताठ, एका पंजावर दुसरा पंजा, दंड कानांना लागलेले. भिंतीला हलका धक्का द्या. जोरात ढकलून खोल गेलात तर नळी भरेल, ते नंतर. आता किक मारत चला, नजर तळावर, स्वतःच्या थोडी पुढं. बोर्ड धरून किक मारताना मान वर राहते आणि कंबर बुडते, म्हणजे जे सुधारायचं तेच आपण पक्कं करत असतो. नळीमुळे बोर्डाची गरजच संपते. पाण्याच्या पृष्ठभागाशी टाचा आणि पार्श्वभाग लागतोय का ते जाणवून घ्या. कंबर वर आली की वेग आपोआप वाढतो, जोर न वाढवता. मला हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मी भिंतीपाशी थांबून मागं बघितलं होतं, कोणी ढकललं की काय म्हणून. २५ मीटरचे चार-सहा फेरे, प्रत्येकानंतर अर्धा मिनिट थांबून.

आता डोकं. इथं नळीच तुमची मास्तर आहे. मान वर झाली तर ती मागं झुकते, मान जास्तच दुमडली तर पुढं जाऊन टोक पाण्याला टेकतं आणि घोटभर पाणी तोंडात येतं. शरीर फिरवताना डोकंही फिरलं तर ती घड्याळाच्या लंबकासारखी डावी-उजवीकडं हलते. काठावर उभ्या मित्राला सांगा, माझी नळी हलते का बघ. नळी उभी, स्थिर आणि खांदे मात्र तिच्या खाली दोन्ही बाजूंना फिरतायत, हे चित्र यायला हवं. मागावरच्या धोट्याला वाट सरळ मिळाली तरच कापड नीट निघतं, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

हे जमायला मला तीन आठवडे लागले. तुम्हाला एकही लागणार नाही, कदाचित. पण घाई केलीत तर पुढचं सगळं वाकड्या पायावर उभं राहील.

तिसरा सराव, कुशीवर. एक हात पुढं, दुसरा मांडीला, शरीर थोडं कुशीवर आणि चेहरा सरळ तळाकडं. सहा किक मोजा, मग पुढच्या हातानं पाणी ओढत दुसऱ्या कुशीवर या, पुन्हा सहा किक. स्नॉर्कल नसताना हा सराव श्वासासाठी धडपडण्यातच संपतो. इथं निवांत होतो. वळण खांद्यापासून नाही, कमरेपासून सुरू होतंय का ते बघा.

आणि आता हात. सगळ्यात श्रीमंत भाग हाच, त्यामुळे जरा थांबून लिहितो. कॅच-अप नावाचा सराव करा: एक हात पुढं थांबलेला, दुसरा पूर्ण फेरी मारून त्याच्यापाशी येईपर्यंत तो हलत नाही. मग तो निघतो. संथ होतो, म्हणून दिसतं. तीन गोष्टी बघायच्या, पण एका फेऱ्यात एकच.

पहिली, हात पाण्यात कुठं शिरतो. प्रत्येक हात आपल्याच खांद्याच्या समोर शिरावा. तळाची काळी रेघ शरीराच्या मधोमध धरा आणि डावा हात तिच्या डावीकडं, उजवा उजवीकडं राहतोय का बघा. माझा डावा रेघ ओलांडायचा, ते वर सांगितलंच. तो सरळ करताना पहिले चार दिवस असं वाटलं की हात पार बाहेर, शेजारच्या लेनमध्ये चाललाय. प्रत्यक्षात तो नुसता खांद्यासमोर आला होता. शरीराला जे सरळ वाटतं ते सरळ असेलच असं नाही, हे त्या दिवशी कळलं.

दुसरी, पाणी पकडणं. हात पुढं लांबला की बोटं खाली वळायची, कोपर मात्र वरच राहायचं. हात आणि पंजा मिळून एक वल्हं झालं पाहिजे आणि तळहात मागच्या भिंतीकडं बघायला हवा. बहुतेक जण सरळ हातानं पाणी खाली दाबतात. त्यानं डोकं वर येतं, माणूस पुढं जात नाही. नळीतून श्वास चालू असल्यानं हे सगळं डोळ्यांसमोर घडताना दिसतं. बुडबुड्यांकडंही लक्ष ठेवा. हाताबरोबर बुडबुड्यांचा ढग आत येत असेल तर हात पाण्यावर आपटतोय. बोटांची टोकं आधी शिरू द्या.

तिसरी, हात कुठं संपतो. मांडीपाशी. पोटापाशीच सोडून देणारे पुष्कळ असतात, विशेषतः थकल्यावर.

याच्या जोडीला मुठी मिटून पोहायचा सराव आहे. २५ मीटर मुठीनं, पुढचे २५ उघड्या पंजानं. मुठीत पाणी धरताच येत नाही, म्हणून कोपरापासून पंजापर्यंतचा भाग कामाला लागतो. मग पंजा उघडला की हाताला वल्हं मिळाल्यासारखं वाटतं. हा सराव मला इतका आवडतो की सर ओरडेपर्यंत करतो. पायात पुल बॉय, म्हणजे मांड्यांमध्ये धरायचा तरंगता फोमचा ठोकळा, अडकवून नुसत्या हातांनीही करता येतो, पण ज्याची कंबर मुळात बुडते त्यानं पुल बॉयची सवय लावून घेऊ नये. ती कुबडी पटकन गोड लागते.

शेवटी पूर्ण फ्रीस्टाइल, नळी लावून, आरामाच्या वेगानं. दोन्ही हात सारखे चालतायत का, फक्त एवढंच बघा. एकाच बाजूनं श्वास घेणाऱ्यांचा एक हात कामसू आणि दुसरा आळशी झालेला असतो.

नळी काढायची

इथं बहुतेक जण चुकतात. नळी लावून झकास पोहतात, काढली की पहिले पाढे पंचावन्न. म्हणून नळीसह आणि नळीशिवाय असं आलटून-पालटून पोहा: २५ मीटर लावून, भिंतीपाशी नळी काढून काठावर ठेवायची, २५ मीटर नुसते. दोन्ही वेळा हात मोजा. माझे सुरुवातीला नळीसह २१ हात व्हायचे, नळीशिवाय २५. म्हणजे श्वास घेण्याच्या चुकीची किंमत प्रत्येक लॅपला चार हात. आता फरक एकावर आलाय. स्नॉर्कलचा खरा हिशोब हाच आकडा देतो.

नळीशिवायच्या फेऱ्यात काय शोधायचं? श्वास घ्यायला डोकं वळतं तेव्हा पुढचा हात खाली बसतो का, हे आधी बघा. मग एक गॉगल पाण्यात राहतो का. डोकं वर उचलायचं नसतं, ते फिरत्या शरीराबरोबर फिरतं. आणि हवा पाण्यातच सोडून झालेली असावी, तोंड बाहेर आल्यावर फक्त घ्यायची. नळीनं पूर्ण सोडायची सवय लावलेली असते, ती इथं उपयोगी पडते.

एकूण पोहण्याचा चौथा हिस्सा, फार तर तिसरा, नळीसह ठेवा. १२०० मीटर पोहत असाल तर तीन-चारशे. साधारण असं: २०० मीटर साधे गरम होण्यासाठी, मग नळी लावून किकचे चार फेरे, डोक्याचे-कुशीचे चार फेरे आणि हातांचे चार फेरे, मग आलटून-पालटून आठ फेरे, उरलेलं पूर्ण नळीशिवाय. दिवसाचा विषय एकच ठेवा. आज मान म्हणजे मान. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी तर हे नीट पाळावं, कारण शर्यतीत स्नॉर्कल चालत नाही, मास्टर्समध्ये, म्हणजे मोठ्या वयाच्यांच्या स्पर्धांतही नाही.

वळणं सुरुवातीला साधीच घ्या: हात टेकवा, पाय आणा, ढकला. पाण्याखालून ढकलल्यावर नळी भरणारच. वर येऊन 'फू', हळू घोट, मग पहिला हात. हे अंगवळणी पडलं की फ्लिप टर्न, म्हणजे भिंतीपाशी पाण्यात कोलांटी मारून वळणं. त्यात उलटताना नाकातून हवा सोडत राहायचं, नाही तर नाकात पाण्याचा असा झणका बसतो की शेंगाचटणीत चुकून नाक घातल्यासारखं वाटतं. ब्रेस्टस्ट्रोकच्या किकसाठी आणि बटरफ्लायच्या लाटेसाठीही नळी चालते. बॅकस्ट्रोकला काही उपयोग नाही, तोंड आधीच आकाशाकडं असतं.

अडलं तर

डोकं दुखलं किंवा जड झालं तर थांबा, नळी काढा, काठावर बसा. बहुधा श्वास उथळ होतोय किंवा वेग जास्त आहे. चक्कर आली तर त्या दिवशी पुन्हा लावू नका. नळी लावून फास्ट शंभर मीटर मारायची हौस पहिले दोन महिने तरी नको.

आधी भराभर श्वास ओढून मग दम कोंडून पाण्याखालून लांब जाण्याची शर्यत पोरं लावतात. त्यात काही कळायच्या आत शुद्ध हरपते आणि काठावरच्यांना वाटतं, अजून पोहतोय. नळीसह किंवा नळीशिवाय, हा खेळ दिसला तर थांबवा.

नळी थरथरत असेल तर पट्टा सैल आहे किंवा टोपी गुळगुळीत आहे. कापडी टोपीवर पट्टी घट्ट बसते. मान आखडत असेल तर नजर फार पुढं आहे, तळाकडं आणा. लाळ नळीत साठते, अधूनमधून फुंकून टाका. आणि सकाळी भरपेट खाऊन येऊ नका. नळीत ढेकर आली की त्याचा अनुभव तुम्ही एकट्यानंच घेता, आणि पुरेसा घेता.

घरी आल्यावर गोड्या पाण्यानं नळी आतून-बाहेरून धुवा, तलावातल्या क्लोरिननं सिलिकॉन लवकर कडक होतं. एक तांब्या पाणी पुरतं. आमच्या बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडतात, तेव्हा आठवड्यातून एकदा पाण्यात थोडं व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवतो आणि पुन्हा धुतो. टॉवेलवर उभी करून सावलीत वाळवायची, आतला ओलावा राहिला की काळपट बुरशी धरते. दुसऱ्याला वापरायला देऊ नका, तोंडात धरायची वस्तू आहे. आणि स्कूटरच्या डिकीत तर मुळीच विसरू नका. सोलापूरच्या मे महिन्यात माझी पहिली नळी दुपारभर तिथंच राहिली आणि संध्याकाळी बाहेर काढली तेव्हा केळ्यासारखी वाकलेली होती.